पालघर, मोठ्याने बोल

माझा आवाज कर्कश आहे हे मला पहिल्यांदा आईने सांगितलं. रागावून नाही. केस विंचरताना कंगवा अडकला की जशी ती ‘थांब जरा’ म्हणायची, तितक्याच सहज. लहानपणी मला घटसर्प झाला होता. त्यातून मी वाचले, पण घसा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. घरी पाहुणे आले की आई माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, “हळू बोल हं. कर्कश होतो तुझा आवाज.” मग मी हळू बोलायची सवय लावून घेतली, आणि काही वर्षांनी बोलायचीच सवय सुटली.

नागपूरच्या इंग्रजी शाळेत प्रार्थनेच्या गाण्यात मला मागच्या रांगेत उभं करत. तिथल्या सिस्टरनी मला एकदा बाजूला घेऊन फक्त ओठ हलवायला सांगितलं. त्या मला इंग्रजीत नेमकं काय म्हणाल्या ते आज आठवत नाही. त्या भाषेतला शब्द कानावरून गेला. आईचा शब्द मात्र राहिला. कर्कश म्हणताना घशातच काहीतरी घासतं. करवत लाकडात शिरावी तसा तो शब्द तोंडात शिरतो. ज्याने कोणी तो केला त्याने ऐकून केला असणार.

वडील ओव्हरसिअर होते. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा त्यांना तिकडे काम मिळालं आणि आम्ही बोईसरजवळ सरावलीत दोन खोल्या घेतल्या. आम्ही म्हणजे वडील आणि मी. धाकट्या भावाची शाळा नागपूरला, म्हणून आई तिकडे राहिली. माझं शिक्षण संपलं होतं आणि पुढचं काही ठरलं नव्हतं, म्हणून वडिलांच्या जेवणाखाणाला मी इकडे आले.

वडील दिवसभर यंत्रांच्या आणि सुरुंगांच्या आवाजात असायचे. घरी आले की कानात कापूस घातल्यासारखे बसायचे. त्यांना शांतता हवी असे आणि मला ती देणं अवघड नव्हतं. शेजारी सगळी कामावरची कुटुंबं, कुणी साताऱ्याकडची, कुणी खानदेशातली, कुणी थेट बिहारची. नळावर हिंदी चाले. मी नळावर कोणी नसेल तेव्हा जायची. वाणी मला काय हवं ते बोटाने दाखवू देत असे. असे कितीतरी दिवस गेले की संध्याकाळी ‘भात वाढू का?’ म्हणताना स्वतःचाच आवाज नवखा वाटायचा.

पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईची जागा आहे, इंग्रजी चांगलं हवं, असं वडीलच कुठून तरी ऐकून आले. तिथल्या साहेबांनी मला इंग्रजी वर्तमानपत्रातला एक तुकडा वाचायला लावला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “सर्दी झालीय का?”

“थोडी,” मी म्हणाले.

माझी सहा महिन्यांची कच्ची नेमणूक झाली. सर्दी अर्थातच गेली नाही.

सकाळच्या पॅसेंजरने मी बोईसरहून पालघरला जायची. मधे उमरोळी. एक्स्चेंज म्हणजे एक कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत लोकांना फोन करण्यासाठी लाकडी खोपटं, ट्रंक कॉल नोंदवायची खिडकी आणि साहेबांचं टेबल. आतल्या खोलीत दोन बोर्ड. एक गावातल्या फोनांचा, दुसरा बाहेरगावच्या लाइनींचा. गावात कोणी रिसीव्हर उचलून दांडा फिरवला की बोर्डावरची छोटी पितळी झडप खट्कन पडायची. आपण कॉर्ड खोचायची आणि ‘नंबर प्लीज’ म्हणायचं. गावात फोन थोडेच. भाताच्या गिरण्या, डॉक्टर, वकील, कचेऱ्या, मासळीचे दोन-तीन व्यापारी. दिवसा दोन्ही बोर्ड मीच बघायची. डोक्यावर हेडफोन आणि छातीवर बांधलेलं ते तुतारीसारखं बोलायचं यंत्र. ते पाहून पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, “बाई, आता तुम्ही लढाईला निघालात.”

त्या कामातली एक रीत मला फार आवडली. ऑपरेटर एकमेकींना नावाने हाक मारत नसत. जी जिथे बसलेली ती त्या गावची. डहाणू, वसई, सुरत, नाशिक. नागपुरात वाढलेली, सरावलीत राहणारी मी खुर्चीत बसले की पालघर व्हायची. कोणी माझं नाव विचारत नव्हतं, घर विचारत नव्हतं, लग्न झालंय का विचारत नव्हतं. “पालघर, दोन अर्जंट आहेत, घेतेस?” एवढंच. मला हे इतकं बरं वाटायचं की मी ते कुणाला सांगितलं नाही.

मुंबईच्या बोर्डावर दिवसपाळीला बहुतेक एकच बाई असायची. कामाचं बोलणं इंग्रजीत, तेव्हा ती ‘बॉम्बे’. दोन कॉलच्या मधल्या रिकाम्या क्षणात मराठीत, तेव्हा ती ‘मुंबई’. गप्पा मारायची परवानगी नव्हती. त्यामुळे आमचं बोलणं नेहमी तुकड्यातुकड्यांनी चालायचं. तिने सकाळी विचारावं, “पालघर, डब्यात काय?” मी म्हणावं, “पडवळ,” तोवर झडप पडावी, आणि दुपारी केव्हातरी लाइन जोडता जोडता तिने म्हणावं, “पडवळ मला नाही आवडत बाई.” तिला सासू होती, दोन मुलं होती, एक खुर्ची होती जिचा पाय हलायचा. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं, तरी ती विचारायची. मला कोणीतरी रोज काहीतरी विचारतं आहे, ही गोष्ट मी सरावलीच्या खोल्यांमध्ये बरोबर घेऊन जायची.

आणि तिच्याशी बोलताना मला आवाज दाबावा लागत नसे. ट्रंकच्या तारा उघड्या. खाडीचं खारं वारं खात त्या मैलोन्‌मैल खांबांवरून गेलेल्या. त्यांच्यावर सतत एक खरखर असायची, तव्यावर वाळू भाजावी तशी. त्या खरखरीतून गोड आवाज पलीकडे जातच नसत. माझा जायचा. सुरुवातीलाच मुंबई म्हणाली होती, “कोण गं तू नवी? छान ऐकू येतेस.” माझ्या आवाजाबद्दल ‘छान’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो आवाजाला नव्हताच, ऐकू येण्याला होता. तरीही.

सहा महिन्यांतले चार झाले होते तेव्हा एक गिरणीमालक ऑफिसात आले. स्टेशनजवळ त्यांची भाताची गिरणी होती. सभ्य माणूस. पायातल्या वहाणा बाहेर काढून आत आले. साहेबांच्या टेबलाजवळ बसले. आतल्या खोलीचं दार उघडंच असायचं आणि माझी पाठ दाराकडे होती. त्यांना मी दिसत होते की नाही, माहीत नाही.

“साहेब, तक्रार कामाची नाय,” ते म्हणाले. “बाई कामाला चोख हाय. नंबर चुकत नाय, उशीर नाय. पन सकाळी पेढीवर बसतो, देवाला उदबत्ती लावतो, पहिला फोन उचलतो, तर कानात हे. काय सांगू? कर्कश. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. दिवसाची सुरुवातच बिघडते.”

साहेब काहीतरी पुटपुटले.

“मी एकटा नाय म्हणत. वकीलसाहेबांना विचारा. पोस्टाच्या मास्तरांना विचारा. पोरगी कायम व्हायच्या आधी बघा काहीतरी. एकदा कायम झाली की आमाला जन्मभर हेच.”

तेवढ्यात झडप पडली. मला बोलावंच लागलं. “नंबर प्लीज,” मी म्हणाले. पाठीमागे दोघेही गप्प झाले.

गिरणीमालक गेल्यावर साहेब आत आले. वाईट माणूस नव्हते. “तुमच्या कानावर आलंच असेल,” ते म्हणाले. “मुंबईहून एक अधिकारी येतील पुढल्या आठवड्यात, शेजारी बसून ऐकतील. तोवर जरा सौम्य करता आला तर बघा. कायम करायचं की नाही ते ते ठरवतील.”

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी वाचनालयात गेले. मराठीचा मोठा शब्दकोश काढला. माझं मराठी घरचं, बोलायचं, त्यामुळे शब्द मला अर्थाने नाही, माणसांनी माहीत असत. कर्कश म्हणजे आई, एवढंच मला ठाऊक होतं. कोशात होतं: कठीण, खरखरीत, राकट, कानांना न सोसणारा. म्हणजे मुळात तो हाताचा शब्द. खडबडीत दगडावरून बोट फिरवल्यावर जे लागतं ते. तो नंतर कानात आला. मला ते पटलं, कारण गिरणीमालकांचं बोलणं मला त्वचेवरच लागलं होतं. त्याच्या खाली आणखी एक शब्द होता: कर्कशा. भांडखोर बायको. तसल्या नवऱ्यासाठी काही आहे का म्हणून मी पुढची-मागची पानं चाळली. नव्हतं. वाचनालयाच्या गृहस्थांनी दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा कोश जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाज बदलला. शाळेतल्या सिस्टर बोलायच्या तसा, जिभेच्या टोकावर, श्वास जास्त आणि आवाज कमी. गावच्या बोर्डावर ते चाललं. डॉक्टरांनी विचारलं, “नवीन आलात का?” गिरणीमालक एकदा ‘थँक्यू’ म्हणाले. ट्रंकवर मात्र माझं काहीच पोचेना.

“पालघर? पालघर, आहेस का लाइनवर?”

“आहे. बोला.”

“पालघर, मोठ्याने बोल गं! झोपलीस काय?”

मी मोठ्याने बोलत नव्हते. दोन कॉल रद्द झाले, एक तर नाशिकहून मुंबईमार्गे आलेला. दुसरा नोंदवणाऱ्या माणसाने खिडकीवर हात आपटला. दुपारी लाइन मोकळी असताना मुंबई म्हणाली, “बरी नाहीस का?”

मी तिला सांगितलं. तिच्याशी बोलताना मूळचा आवाज वापरला, नाहीतर तिला कळलंच नसतं की मी काय सांगते आहे.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एवढंच ना? आमच्याकडे दिवसातून चार जण म्हणतात मला. एकाने तर विचारलं, बाई तुमच्याकडे दुसरी बाई नाही का?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आहे, पण ती जास्त भांडते.”

मी हसले. पण तिची नोकरी पक्की होती. माझी गेली तर ‘पालघर’ दुसरी कोणीतरी होणार होती, आणि मुंबई तिलाही डब्यात काय म्हणून विचारणार होती. त्यात तिचा काही दोष नव्हता. मी बोर्डावरून उठले असते तर तिला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, शोधायला. मला नोकरी जायची भीती नव्हती, वडिलांचा पगार होता. मला सरावलीला परत जाऊन गप्प बसायची भीती होती.

अधिकारी आले. वयस्कर, टाय बांधलेले, मितभाषी. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, दुसरा हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. सकाळभर मी त्या श्वासाच्या आवाजात गावचे नंबर जोडले. ते मान हलवायचे. ट्रंकची लाइन त्या दिवशी नेहमीपेक्षा वाईट होती. वसईकडे कुठेतरी तारा ढिल्या झाल्या होत्या. एक-दोन कॉल मी कसेबसे लावले. घसा दुखायला लागला. हळू बोलल्यानेही घसा दुखतो, हे मला नव्याने कळलं.

जेवणाच्या सुमाराला बाहेर खिडकीशी गलका झाला. मुरब्याची एक बाई आली होती. होडीने खाडी ओलांडून सातपाटीला, तिथून एस.टी.ने पालघरला, सुक्या बोंबलांची पाटी बाजारात उतरवून सरळ इकडे. तिचा नवरा बोटीच्या इंजिनाचा भाग आणायला मुंबईला गेला होता आणि धक्क्यावरच्या एका दुकानात उतरला होता. दुकानात फोन होता. तिला त्याच्याशी बोलायचं होतं.

“अर्जंट का साधा?” शिपायाने विचारलं.

“अर्जंट नाय तर काय शिळा?” ती म्हणाली. “उद्या पोरीला बघायला पावणे येतात. पोरीचा बाप नको तिथं?”

“मग फोन कशाला करताय मावशी? बाहेर उभ्या राहून हाक मारा, तुमचा आवाज असाच जाईल मुंबईला.”

“तुज्या बोर्डावर बसव मला, मंग बघ.”

मुंबईने दुकान जोडलं. बाई खोपट्यात शिरली. रिसीव्हरमध्ये तिने जे ओरडायला सुरुवात केली ते मला हेडफोनमधून ऐकू आलं नाही, उघड्या दारातून आलं. पलीकडे नवऱ्याला मात्र नुसती खरखर. “काय? काय? कोन बोलतंय?” असं तो विचारत राहिला. आणि इकडे तिला त्याचा शब्दही कळेना.

अशा वेळी आम्ही मधून सांगायचो. म्हणजे बोलणाऱ्यांचं एकमेकांपर्यंत पोचत नसेल तर इकडचं बोलणं इकडच्या ऑपरेटरने उचलून पलीकडच्या ऑपरेटरला सांगायचं, तिने तिकडे सांगायचं, आणि उलट. मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

“त्या म्हणत आहेत,” मी माझ्या त्या सौम्य आवाजात सुरू केलं, “की तुम्ही उद्याच्या कार्यक्रमाला—”

“पालघर, काही ऐकू येत नाही,” मुंबई म्हणाली. “आणि ‘त्या म्हणत आहेत’ सोड. वेळ जातो. ती बोलते तसं बोल.”

खोपट्यातून बाई ओरडली, “त्याला इचार, कदी येतोस?”

मी श्वास घेतला. “कधी येतोस?” मी म्हणाले. मूळच्या आवाजात. शेजारी अधिकाऱ्यांनी डोळे उघडले.

मुंबईकडून उत्तर आलं, “परवा. भाग अजून तयार नाही. उद्या दुपारी देतो म्हणाला मिस्त्री.”

मी ते दाराकडे तोंड करून सांगितलं.

“परवा?” बाई खोपट्याबाहेरच आली, रिसीव्हर दोरीसकट ताणून. “त्याला सांग, इंजानाशी लगीन लावलंस का?”

“इंजिनाशी लग्न लावलंस का?” मी मुंबईला ओरडले.

पलीकडे मुंबईने ते तिकडे सांगितलं. तिच्या आवाजात हसू होतं. उत्तर आलं, “इंजिन नाही तर बोट नाही. बोट नाही तर लग्न कशावर करशील?”

“आजवर वल्ह्यावर केली ना लग्नं? तुजं-माजं कशावर झालं?”

“आजवर वल्ह्यांवर केली ना लग्नं? तुझं-माझं कशावर झालं?”

“तुझा भाऊ आहे ना तिथे? त्याला बसव माझ्या जागी.”

“माज्या भावाला पोरगी झाली का ही?”

“माझ्या भावाची पोरगी आहे का ही?”

शिपाई दारात येऊन उभा राहिला होता. साहेब उठून आले होते. खिडकीशी ट्रंक नोंदवायला आलेली दोन माणसं आत वाकून बघत होती. मला ते सगळे दिसत होते आणि थांबता येत नव्हतं, कारण बाई थांबत नव्हती आणि तिचं प्रत्येक वाक्य माझ्यातूनच जायचं होतं. मला घाम आला होता. घशात ती जुनी खरखर पुरती मोकळी झाली होती.

शेवटी बाई म्हणाली, “बरं. नको येऊस. सांग त्याला, मिशी लावून मीच बसते बापाच्या जागी!”

आणि मी, नागपूरच्या शाळेतली मागच्या रांगेतली मुलगी, मुंबईच्या धक्क्यावरच्या एका अनोळखी माणसाला खणखणीत ओरडून म्हणाले, “मिशी लावून मीच बसते बापाच्या जागी!”

पलीकडे मुंबईला ते सांगताच येईना, इतकी ती हसत होती. मग तिने सांगितलं असावं. थोडी खरखर झाली. मग तिचा आवाज आला, “येतो म्हणतोय. संध्याकाळच्या पॅसेंजरने. भाग मागाहून पाठवायला सांगतो म्हणतोय.”

“येतोय,” मी दाराकडे म्हणाले. “संध्याकाळी.”

“येनारच,” बाई शांतपणे म्हणाली. तिने रिसीव्हर ठेवला आणि आतल्या खोलीच्या दाराशी आली, आपली बाजू कोणी मांडली ते बघायला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत आणखी कोणी आहे का ते पाहिलं.

“तूच का?” ती म्हणाली. “यवढ्याशा अंगात यवढा आवाज?”

मी मान हलवली.

“लगीन झालं का?”

“नाही, मावशी.”

“मंग भांडायला कुठं शिकलीस?”

सगळे हसले, अधिकारीसुद्धा. ती पाटी उचलून गेली. मी पुढची झडप पडायची वाट पाहत बसले, पण बराच वेळ ती पडली नाही.

कोशातला तो दुसरा शब्द मला तेव्हा आठवला. काही मिनिटं मी कोणाची तरी कर्कशा झाले होते. मला ते वाईट वाटलं नव्हतं. उलट पहिल्यांदाच माझ्या आवाजाला दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं, ज्याने तो ऐकून आपला बेत बदलला. मी आयुष्यात कोणाशी भांडले नव्हते. वडिलांशी नाही, आईशी नाही. आवाज कर्कश म्हणून भांडत नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की भांडायला समोर माणूस असावं लागतं, आणि ते जाणार नाही याची खात्री असावी लागते. ‘येनारच’ असं म्हणता यावं लागतं.

संध्याकाळी साहेब आणि अधिकारी टेबलाशी इंग्रजीत बोलले. मला समजतं हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे ते जपून बोलत होते, आणि जपून बोलल्यामुळे मला जास्त समजलं. तक्रार खरी आहे, अधिकारी म्हणाले. आवाज कर्कश आहे यात शंका नाही. पण सकाळी ही जो आवाज काढत होती तो निरुपयोगी आहे, आणि दुपारी जो काढला तसा या लाइनवर दुसऱ्या कोणाचा पोचणार नाही. गावच्या लोकांना तो ऐकवायची गरज नाही. हिला ट्रंकवर ठेवा. गावच्या बोर्डासाठी दुसरी मुलगी घ्या.

मी कायम झाले.

नवी मुलगी पालघरचीच होती, नुकती मॅट्रिक झालेली, पाण्यात खडीसाखर टाकावी तशा आवाजाची. ट्रंकचा बोर्ड मागच्या खोलीत हलवला, बॅटऱ्यांच्या शेजारी. दोघींचे आवाज एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मधे फळ्यांचं पार्टिशन घातलं. खरं तर माझा तिच्यात मिसळू नये म्हणून. मी पालघर राहिले, पण पालघरात मला आता कोणी ऐकत नव्हतं. पार्टिशनपलीकडून मला तिचं ‘नंबर प्लीज’ ऐकू यायचं, आणि नंतर तिचं हसू. गावचे लोक तिच्याशी बोलायचे. वकिलांची बायको तिला लोणच्याचं प्रमाण सांगायची. डॉक्टर रोज सकाळी ‘आज काय विशेष?’ म्हणायचे. मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना कधी विचारायला जागा दिली नव्हती, तेही खरं.

दिवाळीत गिरणीमालकांनी मिठाईचा पुडा पाठवला, ‘ऑपरेटर ताईंसाठी’. नव्या मुलीने तो पार्टिशनपाशी आणला. “घ्या ना,” ती म्हणाली. “तुमचा पण आहे.” तिला ठाऊक होतं की तो माझा नाही, आणि तिला खरंच वाटत होतं की मी घ्यावा. मी एक पेढा घेतला. चांगला होता.

पाडव्याच्या दिवशी बाजार बंद, पेढ्या बंद, कचेऱ्या बंद. मी स्वतःहून ड्यूटी मागून घेतली होती. वडील नागपूरला गेले होते, मला रजा मिळाली नाही असं मी त्यांना सांगितलं होतं. नव्या मुलीला सुट्टी. दुपारपर्यंत ट्रंकची एकही नोंद आली नाही. शिपाई बाहेरच्या बाकावर पेंगत होता. हेडफोनमध्ये खरखरसुद्धा नव्हती, त्या दिवशी हवा कोरडी आणि लाइन कधी नव्हे ती स्वच्छ होती.

नोंद नसताना रिंग द्यायची नसते. मी कॉर्ड खोचली आणि मुंबईला रिंग दिली.

“येस, पालघर?” आवाज वेगळा होता. कोणीतरी तरुण, गोड आवाजाची.

ती नव्हती. अर्थात नव्हती. पाडवा होता, तिला सासू होती, नवरा होता, मुलं होती.

“काही नाही,” मी म्हणाले. “लाइन तपासत होते.”

मग ती मुलगी हसली.

“ती सांगून गेलीय,” ती म्हणाली. “म्हणाली, आज पालघर रिकामी बसली असेल. दुपारी एकदा रिंग देईल.”

मी हेडफोन कानाशी घट्ट धरला.

“आणि म्हणाली, विचारलंस तर म्हणेल, लाइन तपासत होते.”

आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. पण तिने लाइन सोडली नाही आणि मीही कॉर्ड काढली नाही. तारेतून तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

“लाइन ठीक आहे,” मी शेवटी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “अगदी स्पष्ट ऐकू येतेस.”